डिपर न देणारा

आमच्या बेटावरच्या लाँग टिकल गावात माणसाची पारख एका गोष्टीवर होते. समोरून येणाऱ्या गाडीला तो डिपर देतो की नाही. वाटेत मूस, ते घोड्याहून उंच रानहरीण, दिसला की पुढचे काही मैल भेटेल त्या प्रत्येक गाडीला दिवे दोनदा उडवून दाखवायचे. मग समोरचा पाय ब्रेकवर ठेवतो, हात वर करतो आणि सावकाश जातो. माझ्या सासऱ्यांचं आणि अंकल हेडलीचं एका बोटीवरून वाजलं होतं, ते सासरे मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, पण डिपर कधी चुकला नाही. अंकल हेडली माझे कुणी नव्हेत. इथे गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना अंकल म्हणतात.

बाहेरचे लोक म्हणतात, मूसला गाडी धडकली. धडक नुसती पायांना बसते. पाय म्हणजे काटक्या. गाडीचं नाक त्याच्या पोटाखालून पुढे निघून जातं आणि घोड्याहून जड धड काच फोडून माणसाच्या मांडीवर येतं. माझ्या नवऱ्याच्या, सेल्बीच्या मांडीवर ते दोन हिवाळ्यांपूर्वी आलं. नोव्हेंबर संपत होता, रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून त्या साली पहिल्यांदाच मीठ टाकलं होतं आणि दिवस मावळला होता. हायवे दोन टेकड्यांमधल्या दाट झाडीच्या घळीतून जातो, तिला आम्ही ड्रोक म्हणतो. तिथल्या वळणावर त्याला एक मादी आडवी आली. सेल्बी वाचला, पण कमरेखाली त्याला काही राहिलं नाही.

सेंट जॉन्सच्या इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तो दोन गोष्टी बोलला. पहिली, “ती रस्त्यातून उगवली, मेल. आधी नव्हती, मग होती.” मेल म्हणजे मी, मेल्विना. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, असं बोलतात. दुसरी मात्र मी सोडली नाही. वळणाच्या थोडं आधी समोरून एक पिकअप गेली होती आणि तिनं डिपर दिला नव्हता.

“कुणाची होती?” मी विचारलं.

“परक्याची असणार,” सेल्बी म्हणाला. “आपला माणूस दिल्याशिवाय जाईल का?”

मलाही ते पटलं. मुख्य भूमीवरून फेरीबोटीनं उतरलेला कुणीतरी, ज्याला आमची रीत ठाऊक नाही. पण ठाऊक नसली तरी त्यानं ती मादी बघितली होती, तिला वळसा घालून तो पुढे गेला होता आणि समोरून येणाऱ्या माणसाला त्यानं तसंच जाऊ दिलं होतं. तो माणूस मला हवा होता. लोक विचारत, “मेल्विना, सापडला तर काय करशील?” मी म्हणायची, काही नाही, नुसतं बघायचंय. खोटं बोलायची मी. त्याला माझ्या घरात आणून, सेल्बीला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायला लावायचं होतं. एकदाच. उचलताना सेल्बीचे पाय कसे लोंबतात ते त्यानं बघायला हवं होतं.

म्हणून मी दुकानांच्या दारांवर कागद चिकटवले. फेरीच्या धक्क्यावर उभी राहून पिकअपवाल्यांना विचारलं. सकाळी रेडिओवर लोक फोन करून गाऱ्हाणी मांडतात, त्या कार्यक्रमात मी इतकी बोलले की निवेदक माझा आवाज आल्याबरोबर म्हणायचा, “बोला मिसेस पार्डी, अजून नाही ना सापडला?” सारं बेट मला ओळखायला लागलं. काही जण हसतही असतील. हसेनात का.

या सगळ्यात माझ्या बाजूला एकच माणूस होता, माझा धाकटा भाऊ एल्ड्रेड. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, त्याला मीच वाढवला. तो मासळीच्या कारखान्यात जातो. सेल्बी इस्पितळातून घरी आल्यापासून, दोन उन्हाळे आणि एक हिवाळा, कामावर जायच्या आधी रोज सकाळी तो आमच्याकडे यायचा. सेल्बीला उचलून न्हाणीत न्यायचा, अंग पुसायचा, दाढी करायचा, खुर्चीत बसवायचा. संध्याकाळी पुन्हा पलंगावर ठेवायला हजर. माझ्याच्यानं सेल्बी उचलत नाही, त्याचं वरचं धड अजून दांडगं आहे. गावात म्हणत, भाऊ असावा तर असा. मीही म्हणायची.

एल्ड्रेड आणि सेल्बी शिकारीचे जोडीदार. आमच्याकडे मूसचा परवाना दोघांच्या नावावर मिळतो, दोघांत मिळून एक जनावर. दर साली बार सेल्बीच काढायचा, कारण नेम त्याचा. एल्ड्रेड सोलताना धरायला. गाव त्याला शेपूटधऱ्या म्हणायचं. मूसला शेपूट बोटभर असतं, त्यातच ती थट्टा. एल्ड्रेड हसून न्यायचा. अपघात झाला तेव्हा त्या सालचा परवाना शिल्लक होता. दोघं दुसऱ्या दिवशी जाणार होते आणि सेल्बी आदल्या संध्याकाळी लाकडं नि शिधा घेऊन पुढे रानातल्या शिकारीच्या झोपडीवर निघाला होता. त्यानंतरच्या आठवड्यात एल्ड्रेडनं एकट्यानं जाऊन मूस मारला आणि सगळाच्या सगळा माझ्या अंगणात आणून टाकला. “सगळा तुमचा, मेल. मला एक तुकडा नको,” म्हणाला. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. ते मांस मी बाटल्यांत भरून शिजवलं आणि अख्खा हिवाळा सेंट जॉन्सला नेऊन सेल्बीला भरवलं.

ड्रोक साफ करायची चळवळही आम्ही दोघांनीच सुरू केली. रस्त्याच्या कडेची आल्डरची झुडपं अगदी डांबराला येऊन टेकली होती. जनावर बाहेर येईपर्यंत दिसायचंच नाही. सरकार कापीना, म्हणून रविवारी चर्च सुटलं की मी आणि एल्ड्रेड कोयते घेऊन जायचो. पुढे आणखी लोक आले, त्याची समिती झाली, समितीचे अर्ज गेले, आणि शेवटी गेल्या महिन्यात रस्ते खात्यानं एक साहेब पाठवला. रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. सेल्बी आला नाही. म्हणाला, त्या हॉलला पायऱ्या आहेत, मला पोत्यासारखं वर नेलेलं आवडत नाही.

साहेब माणूस बरा होता. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. जाळीचं कुंपण फार महाग पडतं. जनावराची चाहूल लागली की आपोआप पेटणारे दिवे दुसरीकडे लावून बघितले, पण ते बर्फात आंधळे होतात. तेव्हा तूर्त आणखी पिवळ्या पाट्या लावू, असं त्याचं म्हणणं.

“लावा की,” अंकल हेडली म्हणाले. “जरा उंच लावा फक्त. खालच्या पाट्या मूस खाजवायला वापरतात.”

हॉल हसला. साहेबही हसला आणि कागद आवरायला लागला. तेव्हा एल्ड्रेड उठला. माझा भाऊ चारचौघांत बोलणारा नव्हे, पण त्या दिवशी त्याला वाचा फुटली.

“साहेब, पाट्यांनी काही होणार नाही,” तो म्हणाला. “ड्रोकच्या वळणावर रस्ता बशीसारखा खोल आहे. हिवाळ्याचं पहिलं मीठ पडलं की त्याचं पाणी तिथे साठतं. मूसला तेच चाटायचं असतं. पण त्याची मान आखूड, पाय लांब, तोंड खाली पोचत नाही, म्हणून तो पुढचे गुडघे टेकतो. मग गाडीचा दिवा कुठे पडणार? डोळे चमकत नाहीत, पायही दिसत नाहीत. डांबरावर डांबराच्याच रंगाचा ढीग. गाडी अगदी अंगावर आली की उठतो. माझ्या मेव्हण्याचं तेच झालं. ती मादी डाव्या अंगाला गुडघ्यावर होती, तोंड समुद्राकडे, ढुंगण रस्त्याकडे. तिनं मान वर केली नाही. तेवढं पाणी काढून द्या साहेब, एक गटार खणा आणि झुडपं मागे हटवा. पाट्या राहू द्या तुमच्या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब लिहून घेत होता. पाणी काढायचं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, असं त्यानं कबूलही केलं. अंकल हेडली माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, जिंकलीस तू. शेपूटधऱ्यानं वाघ मारला बघ.”

मी टाळ्या वाजवत होते. हात वाजत होते आणि मला कळत होतं. ‘रस्त्यातून उगवली.’ दोन वर्षं ज्याला डोक्याचा मार म्हटलं, ते खरं होतं, ती गुडघ्यावरून उठली होती. पण तिचं तोंड कुठे होतं हे सेल्बीला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त समोर उभे राहिलेले पाय दिसले होते. पोलीस आले तेव्हा ती मरून काचेत अडकली होती. ती कुठल्या अंगाला बसली होती, कुणाकडे बघत होती, हे जगात एकालाच माहीत असणार. आधी तिच्या बाजूनं गेलेल्याला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी मी फेरीच्या धक्क्यापर्यंत वळसे घालत होते.

लोक चहाला वळले तेव्हा मी एल्ड्रेडच्या पिकअपमध्ये जाऊन बसले. तो हातात काकवीचा बन घेऊन आला, खुशीत होता. माझ्यासाठीही एक आणला होता.

“तिचं तोंड समुद्राकडे होतं हे तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“कुणाचं?”

“मादीचं.”

“सेल्बीच बोलला असेल कधीतरी.”

“सेल्बीला पाय दिसले. नुसते पाय. एल्ड्रेड, माझ्याकडे बघ.”

त्यानं बघितलं नाही. दोन्ही बन त्यानं समोरच्या फळीवर नीट शेजारी शेजारी ठेवले. मग पँटला हात पुसले.

“मागे मूस होता, मेल,” तो म्हणाला. “ताडपत्रीखाली. त्याच दिवशी मारला होता. मी एकट्यानं, पहिल्याच गोळीत. नंतरच्या आठवड्यात नाही, त्या शनिवारी. सेल्बीला शब्द दिला होता की रविवारी दोघं जाऊ. पण मला एकदा तरी माझ्या हातानं मारायचा होता. मला गाव काय म्हणतं तुला माहीत नाही का? मारल्यावर मात्र तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. आणि समोरून त्याचीच गाडी.”

“मग डिपर द्यायला काय झालं होतं?”

“दिला असता तर तो थांबला असता. तो नेहमी थांबतो, माहीत आहे तुला. काच खाली करून विचारलं असतं, कसा आहे मूस, केवढा आहे, आणि मागे काय बांधलंयस रे? काय सांगणार होतो मी?”

“म्हणून त्याला जाऊ दिलंस.”

“मला वाटलं, त्याला दिसेल. सेल्बीला सगळं दिसतं, मेल.”

परवाना दोघांचा होता. त्यानं एकट्यानं जनावर मारलं हा कायद्यानं गुन्हासुद्धा नव्हता. सेल्बी फार तर चार दिवस रुसला असता. चार दिवसांच्या रुसव्याला भिऊन माझ्या भावानं माझ्या नवऱ्याचे पाय घालवले, आणि तेच मांस माझ्या अंगणात आणून ओतलं, आणि मी त्याच्या गळ्यात पडले. केसानं गळा कापणं मी ऐकलं होतं. तो आपल्याच हातानं वाढवलेला माणूस कापतो तेव्हा कसं वाटतं हे मला त्या पिकअपमध्ये समजलं.

“त्याला सांगू नकोस,” एल्ड्रेड म्हणाला. “माझ्यासाठी नाही म्हणत. मी यायचा बंद झालो तर त्याला उचलणार कोण?”

मी त्याला थोबाडीत मारली. मोठा झाल्यापासून पहिल्यांदा. मग खाली उतरून चालत घरी आले.

सेल्बी खिडकीशी बसला होता. हॉलची बातमी फोनवरून माझ्या आधी पोचली होती. “एल्ड्रेड झकास बोलला म्हणे,” तो म्हणाला. “गटार होणार. बरं झालं.” मी कोटही काढला नाही. त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं, गुडघे, समुद्र, ताडपत्री, सगळं. सांगताना मला त्याचीच काळजी वाटत होती. त्याचा हात मी धरून ठेवला होता, त्याला हे सोसणार नाही म्हणून.

तो म्हणाला, “माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“एल्ड्रेड होता ते. त्याच्या गाडीचा उजवा दिवा मीच बसवलेला, पिवळट पडतो. लांबूनच ओळखली होती मी.” त्यानं हात सोडवून घेतला. “परका असता तर मी गाडी हळू केली असती, मेल. परक्याच्या डिपरचा काय भरवसा. तो एल्ड्रेड होता आणि त्यानं डिपर दिला नाही. म्हणजे पुढचा रस्ता मोकळा. म्हणून तर मी वेग वाढवला.”

मला सुचलं ते अगदीच बारीक होतं. “आणि ते मांस?”

“पहिल्याच घासाला समजलं. मनात काही असल्याशिवाय एवढं दिलदार कोण होतं?”

“तरी खाल्लंस?”

“भूक होती. आणि तू लांबून आणलं होतंस.”

“मग मला का नाही सांगितलंस? मी दारोदार फिरत होते, सेल्बी. परक्या माणसांच्या काचा ठोठावत होते.”

“तुझा एकच भाऊ आहे,” तो म्हणाला. मी तसंच बघत राहिले, तेव्हा पुढे म्हणाला, “आणि सांगितलं असतं तर तू त्याला उंबऱ्यात उभं केलं नसतंस. मला माणूस हवा होता. दुसऱ्या कुणी चार दिवस उचललं असतं. तो जन्मभर उचलेल.”

“त्याला माहीत आहे, तुला माहीत आहे ते?”

“तसं बोललो नाही कधी. पण तू रेडिओवर असायचीस ना, फेरीच्या धक्क्यावरून फोन करायचीस, तेव्हा तो माझी दाढी करत असायचा. मी त्याला म्हणायचो, आवाज मोठा कर.”

त्यानं हे साधेपणानं सांगितलं, आज सूप चांगलं झालंय म्हणावं तसं. मी त्या फोनांवर रडले आहे. त्या माणसाला म्हणाले आहे, तू कुणीही असलास तरी ये, तुझ्या आईची शपथ आहे तुला. माझ्या आईचीच शपथ. आणि इकडे दोघं साबणाच्या फेसात बसून ऐकत होते, एक ऐकवत होता आणि एक ऐकून घेत होता. माझं दुःख माझ्या नवऱ्यानं भावाला हाकायला चाबकासारखं वापरलं, आणि भावानं निमूट मार खाऊन आपलं देणं फेडलं. दोघांचं भागत होतं. मला कुणी विचारलंच नाही. भावाचा राग आला त्याहून नवऱ्याचा जास्त आला, कारण भाऊ निदान घाबरला होता.

त्या संध्याकाळी एल्ड्रेड आला नाही. थोबाडीत खाऊन यायची त्याची हिंमत झाली नसेल. सेल्बी खुर्चीतच झोपला. मी त्याच्यावर दोन रजया टाकल्या, कारण तेवढं मी करतेच.

आमच्या गावात दाराला कडी लावत नाहीत आणि दार कुणी वाजवतही नाही. माणूस सरळ आत येतो, बूट काढतो, किटलीला हात लावून बघतो. दार वाजलं तर समजायचं पोलीस आहेत, नाहीतर परका. माझ्या दाराला कडी होती, पण तिच्यावर सासूच्या वेळेपासून रंगाचे थर चढले होते. मी सुरीनं ती खरवडून मोकळी केली आणि लावली.

सकाळी पिकअप अंगणात थांबली. पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला, दाराच्या मुठीवर दाब पडला, दार हललं आणि उघडलं नाही. मग त्यानं दार वाजवलं. जन्मभर ज्या घरात शिरला त्या घराचं दार, हळूच, दोन बोटांनी.

“कोण आहे?” मी विचारलं.

बाहेर पायरीवर बूट सरकले.

“कोण आहे म्हटलं. नाव सांगा.”

“मेल,” तो म्हणाला आणि थांबला.

खोलीत खुर्ची करकरली. रात्रभर बसून सेल्बीची पाठ आखडली होती, त्याला ओलं बदलायचं होतं, हे सगळं मला ठाऊक होतं. “मेल, दार उघड,” तो आतून म्हणाला. “एल्ड्रेड आहे.”

“अस्सं?” मी म्हटलं. “न बघता ओळखलंस?”

दोघंही जिथल्या तिथे राहिले. एक दाराबाहेर, एक खोलीत. मी चूल सारखी केली, किटली ठेवली आणि एकच कप काढला.